प्रवेशाचा सल्ला एआयकडून घ्यायचा असेल तर

सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की सिल्लोड तालुक्यातल्या पालकांचे प्रश्न दरवर्षी जवळपास तेच असतात. ‘संभाजीनगरला एक सर ऑप्शन फॉर्म भरून देतात, फी बरीच आहे, द्यावी का?’ ‘मुलगी म्हणते, चॅटजीपीटी फुकटात सगळं सांगतो. खरं आहे का?’ ‘काल एक कॉलेज सांगितलं, आज दुसरंच. धरायचं कोणतं?’

थोडक्यात उत्तर असे. काउन्सेलरचे बरेचसे काम एआयकडून होऊ शकते, पण एक अट पाळावी लागते. आकडे आणि नियम एआयला विचारायचे नाहीत, ते आपण त्याला द्यायचे. वाचणे, लावणे, तुलना करणे, समजावणे ही कामे त्याच्याकडून करून घ्यायची. ही अट पाळली नाही, तर फुकटचा सल्ला फार महागात पडतो.

पुढचे विवेचन अभियांत्रिकीच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतल्या, प्रवेशावर आहे, कारण सर्वाधिक गोंधळ तिथे होतो. औषधनिर्माण, कृषी किंवा वैद्यकीय प्रवेशालाही ही पद्धत चालेल. नियम मात्र त्या त्या शाखेचे वेगळे पाहावे लागतील.

काउन्सेलर पैसे कशाचे घेतो?

- माहितीचे. मागच्या वर्षीचे कटऑफ, जागांचा तक्ता, वेळापत्रक, नियम. हे सगळे राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या, म्हणजे सीईटी सेलच्या, संकेतस्थळावर मोफत असते.
- मांडणीचे. तुमचे पर्सेंटाइल, प्रवर्ग आणि आवड पाहून यादी लावणे. इथे एआय खरोखर उपयोगी पडतो.
- फॉर्म भरण्याचे. हे विद्यार्थ्याने स्वतः करायचे काम आहे. अडल्यास सुविधा केंद्र असते. जिल्ह्यातल्या केंद्रांची यादी सीईटी सेल दरवर्षी जाहीर करते.

आधी हे कागद गोळा करा

मोबाइलवर गप्पा सुरू करण्यापूर्वी एक संध्याकाळ काढून पुढील गोष्टी एका फोल्डरमध्ये ठेवा. सीईटी सेलचा पत्ता सीईटीसेल डॉट महासीईटी डॉट ओआरजी असा आहे. हुबेहूब दिसणारी दुसरी संकेतस्थळे असतात, त्यामुळे पत्ता नीट तपासा.

- चालू वर्षाची माहिती पुस्तिका. मागच्या वर्षीची चालणार नाही.
- मागच्या वर्षीच्या सर्व कॅप फेऱ्यांच्या कटऑफ याद्या.
- चालू वर्षाचा जागांचा तक्ता.
- शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली, तुमच्या यादीतल्या कॉलेजांची फी.
- गुणवत्ता यादीतला विद्यार्थ्याचा क्रमांक, तो जाहीर झाल्यावर.

स्वतःची माहिती नीट सांगा

‘मला ८४ मिळाले, कोणते कॉलेज मिळेल?’ एवढ्या प्रश्नावर एआय काहीतरी ठोकून देतो. ८४ हे गुण की पर्सेंटाइल, सीईटीचे की जेईईचे, हेही तो अनेकदा विचारत नाही. ८४ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी सुमारे ८४ टक्के विद्यार्थी तुमच्याइतके किंवा त्याहून कमी गुण मिळवणारे. त्याचा ८४ टक्के गुणांशी संबंध नाही. म्हणून पहिल्याच संदेशात पुढील गोष्टी लिहा:

- सीईटीचे पर्सेंटाइल. जेईई दिली असेल तर तेही, वेगळ्या ओळीत.
- प्रवर्ग, आणि त्याचे दाखले आज हातात आहेत की नाहीत.
- मुलगा की मुलगी.
- बारावी कुठल्या जिल्ह्यातल्या कॉलेजातून केली.
- कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न.
- दररोज ये-जा करणार की वसतिगृहात राहणार.

यातला बारावीचा मुद्दा सिल्लोडकरांसाठी फार महत्त्वाचा आहे. विद्यापीठाशी संलग्न बहुतेक कॉलेजांत ‘होम युनिव्हर्सिटी’ आणि ‘अदर दॅन होम युनिव्हर्सिटी’ अशी जागांची ७०:३० विभागणी असते. होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी केलेल्या ठिकाणावरून. गाव कोणते, याला तिथे महत्त्व नाही. आपल्याकडची कितीतरी मुले दहावीनंतर लातूरला जातात. लातूर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या क्षेत्रात येते. म्हणजे घर सिल्लोडचे असले, तरी संभाजीनगरच्या कॉलेजसाठी ते विद्यार्थी बाहेरच्या विद्यापीठाचे ठरतात. जळगावला बारावी केलेल्यांचे आणि बुलढाण्याला केलेल्यांचेही तसेच: पहिले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे, दुसरे अमरावती विद्यापीठाचे.

उदाहरण घेऊ. समजा, शिवन्याची एक मुलगी आहे. प्रवर्ग ओबीसी, बारावी लातूरला. संभाजीनगरच्या एखाद्या खासगी कॉलेजची कटऑफ यादी तिने उघडली. तिथे रकान्यांची नावे सांकेतिक असतात. सुरुवातीचा ‘जी’ म्हणजे सर्वांसाठी, ‘एल’ म्हणजे मुलींसाठी. मधली अक्षरे प्रवर्गाची. शेवटचा ‘एच’ म्हणजे होम, ‘ओ’ म्हणजे होमबाहेरचे, ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय. या मुलीने शेवटी ‘ओ’ असलेले रकाने वाचायचे. त्यातही एकच रकाना पाहून चालणार नाही. खुला, मुलींसाठी खुला, ओबीसी आणि मुलींसाठी ओबीसी असे चारही दरवाजे तिला उघडे आहेत. संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या शासकीय स्वायत्त संस्थेत जागा राज्यस्तरीय असतात, म्हणून तिथे ‘एस’चे रकाने वाचायचे. एआयला हे सगळे सांगितले नाही, तर तो सरळ ‘एच’चा आकडा उचलतो आणि यादी पहिल्या पानापासून चुकते.

विचारायचे कसे? चार नमुने

हे संदेश जसेच्या तसे वापरू शकता. जेमिनी, चॅटजीपीटी, क्लॉड यांना मराठी समजते. नोटबुकएलएम हे साधन तुम्ही दिलेल्या कागदांतून उत्तर देते आणि ते कुठून घेतले तेही दाखवते, त्यामुळे माहिती पुस्तिका वाचायला ते सोयीचे पडते.

1. नियम समजून घेण्यासाठी: ‘सोबत या वर्षीची माहिती पुस्तिका जोडली आहे. फक्त तिच्याच आधारे सांग, बाहेरचे काही सांगू नकोस. प्रत्येक उत्तरापुढे पान क्रमांक लिही. पुस्तिकेत नसेल तर “नाही” असे लिही.’
2. कटऑफसाठी: ‘या पानांवरच्या प्रत्येक शाखेसाठी मी सांगितलेल्या चार रकान्यांतले आकडे तक्त्यात मांड. गुणवत्ता क्रमांक आणि पर्सेंटाइल वेगळ्या रकान्यांत लिही. अंदाज करू नकोस. आकडा स्पष्ट दिसत नसेल तर जागा रिकामी ठेव.’
3. यादी तपासण्यासाठी: ‘ही माझी पसंतीची यादी. तिचे कौतुक करू नकोस. यात काय चुकले आहे, कोणती जागा मिळूनही मला पश्चात्ताप होईल, ते मला प्रश्न विचारून सांग.’
4. खर्चासाठी: ‘दोन पर्यायांचा चार वर्षांचा खर्च मांड: सिल्लोडहून एसटीने रोज ये-जा, आणि संभाजीनगरला वसतिगृह. आकडे मी देतो. तू फक्त बेरीज कर आणि माझ्या हिशेबात सुटलेले खर्च सांग.’

तिसरा नमुना टाळू नका. एआयचा कल तुमच्या म्हणण्याला मान डोलावण्याकडे असतो. ‘हे कॉलेज चांगले आहे ना?’ असे विचारले की तो बहुधा हो म्हणतो. काल एक आणि आज दुसरे उत्तर येण्याचे एक कारण हेही आहे: प्रश्नाचा सूर बदलला की उत्तरही बदलते.

एआय हमखास कुठे चुकतो?

- आकडे रचतो. कागद न देता कटऑफ विचारला, तर खराखुरा वाटेल असा आकडा देतो. त्यावर यादी बांधू नका.
- तक्ता वाचताना रकाना सरकतो. कटऑफची फाइल शेकडो पानांची असते. ती एकदम देऊ नका. हव्या त्या कॉलेजांची पाच-सहा पाने द्या आणि आलेल्या तक्त्यातले काही आकडे मूळ पानाशी बोट ठेवून जुळवा. एक जरी चुकला, तर सगळा तक्ता पुन्हा करून घ्या.
- फेऱ्यांची सरमिसळ करतो. पहिल्या फेरीचा कटऑफ आणि शेवटच्या फेरीचा कटऑफ यांत मोठा फरक असतो. त्यात २०२४-२५ मध्ये तीन कॅप फेऱ्या झाल्या, २०२५-२६ मध्ये चार. दोन वर्षांची तुलना करताना फेरी कोणती, ते आधी पाहा.
- जुने नियम सांगतो. वैद्यकीय प्रवेशातले मराठवाडा-विदर्भ-उर्वरित महाराष्ट्र असे ७०:३० चे प्रादेशिक सूत्र २०२० मध्ये रद्द झाले. त्यावरचे जुने लेख मात्र इंटरनेटवर तसेच आहेत. एआय ते वाचून आजही तो नियम सांगू शकतो, आणि अभियांत्रिकीच्या ७०:३० मध्ये मिसळूही शकतो.
- दाखल्यांबाबत फाजील आत्मविश्वास दाखवतो. एसईबीसी, ईडब्ल्यूएस की कुणबी नोंदीवर ओबीसी, हा प्रश्न मराठवाड्यात २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटसंबंधीच्या शासन निर्णयानंतर घरोघरी आहे. तो एआयला विचारून ठरवू नका. तहसील आणि उपविभागीय अधिकारी कार्यालयात विचारा, आणि जात पडताळणीला लागणारा वेळ गृहीत धरा.

दाखल्यांचे आणखी एक. नॉन-क्रिमीलेयरची मुदत प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत असावी लागते. म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२७. राज्याचा नमुना आणि केंद्राचा नमुना वेगळा असतो. कॅपला राज्याचा लागतो. निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागते, तेव्हा हे काम बारावीच्या वर्षातच उरका.

पसंतीक्रम: इथे घाई नको

बहुतेक याद्या कटऑफच्या उतरत्या क्रमाने लावलेल्या असतात. एआयला ‘यादी लाव’ म्हटले की तोही तसेच करतो. संगणक मात्र जागा वेगळ्या रीतीने देतो. गुणवत्तेनुसार तुमचा क्रमांक आला की तो तुमची यादी वरून खाली वाचतो आणि मिळण्याजोगी पहिली जागा देतो. त्यामुळे:

- वर अवघड कॉलेज टाकल्याने खालची जागा जात नाही. मिळणार नाही या भीतीने आवडीचे कॉलेज वगळू नका.
- क्रम आवडीचा ठेवा. कटऑफचा उपयोग एवढाच, की यादीत काही अवघड, काही जुळणाऱ्या आणि काही हमखास मिळतील अशा जागा आहेत ना, हे पाहायचे.
- जिथे जायचेच नाही ते कॉलेज ‘असू द्या’ म्हणून भरू नका.

शेवटच्या मुद्द्यामागे नियम आहे. २०२५-२६ च्या प्रक्रियेत पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादी, तर जागा आपोआप फ्रीझ होत होती. मग ‘पुढच्या फेरीत बघू’ म्हणायची सोय राहत नव्हती. म्हणून पहिल्या सहा ओळी घरात सगळ्यांनी बसून ठरवा. या वर्षीचा नियम पुस्तिकेत पाहून खात्री करा, तो बदलू शकतो.

बेटरमेंटचेही, म्हणजे मिळालेली जागा धरून पुढच्या फेरीत वरच्या पसंतीसाठी थांबण्याचेही, नीट समजून घ्या. बेटरमेंट घेतल्यावर पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली, तर आधीची जागा आपोआप जाते. दोन्ही हातात ठेवता येत नाहीत.

फी, सवलत आणि ‘थेट प्रवेशा’चे आमिष

इथे सल्ला चुकला तर लाखांत फटका बसतो, म्हणून एआयच्या किंवा कुणाच्याही तोंडी आकड्यावर जाऊ नका.

- मुलींसाठी: जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची पूर्ण सवलत आहे. प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्याला ती लागू नाही. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही तिच्यात येत नाहीत.
- राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती: ठरलेल्या अटींत बसणाऱ्या मुलांना शिक्षण शुल्काची अर्धी रक्कम मिळते. अर्ज महाडीबीटीवर करायचा.
- टीएफडब्ल्यूएस: उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर शिक्षण शुल्क माफ असलेल्या या वेगळ्या जागा मिळू शकतात. त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’. तो स्वतंत्रपणे भरावा लागतो. एआयच्या याद्यांत हे कोड सहसा नसतात. मुद्दाम मागून घ्या.

आता कुणी ‘राउंडची वाट कशाला पाहता, आजच सीट पक्की करून देतो’ म्हणाले, तर पहिला प्रश्न विचारा: हा प्रवेश कॅपमधला आहे का? नसेल तर चार वर्षांची सवलत सोडून तुम्ही ती सीट घेत आहात. ‘मोफत एआय काउन्सेलिंग’ म्हणून जाहिरात करणाऱ्या काही ॲपचा धंदाही असाच चालतो. आधी मोबाइल नंबर मागतात, नंतर कॉलेजांचे फोन सुरू होतात.

मोबाइलमध्ये काय टाकू नये?

- आधार क्रमांक, बँक तपशील, सीईटीचा लॉगिन आयडी, पासवर्ड, ओटीपी. यातले काहीही सल्ल्यासाठी लागत नाही.
- गुणपत्रिका किंवा दाखल्याचा पूर्ण फोटो. हवा तो आकडा हाताने टाइप करा.
- अठरा पूर्ण नसतील, तर पालकांनी स्वतःच्या खात्यावरून, मुलांसोबत बसून विचारावे. सेटिंगमध्ये जाऊन आपल्या गप्पा प्रशिक्षणासाठी वापरू न देण्याचा पर्याय निवडावा.

नेट कॅफेवर फॉर्म भरत असाल, तर पासवर्ड स्वतः टाका आणि निघताना लॉगआउट करा. पसंतीक्रम दुसऱ्याने परस्पर बदलल्याच्या तक्रारींचे मूळ बहुधा दिलेल्या पासवर्डातच असते.

काउन्सेलर कधी घ्यावा?

एकाच वेळी दोन-तीन प्रक्रिया चालू असतील, उदाहरणार्थ नीटमधून अखिल भारतीय कोटा, राज्य कोटा आणि अभिमत विद्यापीठे. किंवा दिव्यांग, सैनिकी अशा कोट्यांचे कागद गुंतागुंतीचे असतील. किंवा घरात फॉर्म वाचणारे कुणीच नसेल, तर जाणकार माणसाची फी वाया जात नाही. मात्र देण्याआधी चार गोष्टी विचारा:

- कॉलेजांकडून कमिशन घेता का?
- फीची पावती आणि कोणती सेवा देणार ते लेखी देता का?
- फॉर्म आमच्या लॉगिनने, आमच्यासमोर भरणार का?
- ‘सीट गॅरंटी’ म्हणता, ती कशाच्या जोरावर? कॅपमध्ये जागा गुणवत्तेने आणि पसंतीक्रमाने मिळते, ओळखीने नाही.

तुमचे हक्क

- तात्पुरत्या गुणवत्ता यादीत नाव, प्रवर्ग, गुण किंवा होम युनिव्हर्सिटी चुकली असेल, तर ठरलेल्या मुदतीत तक्रार नोंदवता येते. अंतिम यादी लागल्यावर हाती फारसे उरत नाही.
- मंजूर फीपेक्षा जास्त किंवा देणगी मागणे बेकायदा आहे. कॅपिटेशन फीला राज्यात १९८७ च्या कायद्याने मनाई आहे. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी आणि प्रवेश यांवर २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक आणि प्रवेश नियामक अशी दोन प्राधिकरणे आहेत. तक्रार तिथे करा.
- ठरलेल्या मुदतीत प्रवेश रद्द केला, तर प्रक्रिया शुल्क वजा जाता फी परत मिळते. मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार कॉलेजला नाही.
- काउन्सेलरने पैसे घेऊन सेवा दिली नाही, तर पावतीसह राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. ऑनलाइन फसवणूक झाली, तर विलंब न करता १९३० वर.

कन्फर्म करण्याआधी

1. यादीतला प्रत्येक चॉइस कोड जागांच्या तक्त्याशी जुळवा. नावावरून ओळखू नका. सारख्या नावाची कॉलेजे आणि एकाच कॉलेजच्या जवळजवळ सारख्या शाखा असतात.
2. टीएफडब्ल्यूएसला पात्र असाल, तर ‘टी’चे कोड आले आहेत का ते पाहा.
3. पहिल्या सहापैकी प्रत्येक पर्यायाबद्दल मुलाला किंवा मुलीला विचारा: ‘उद्या हेच मिळालं तर जाशील?’ उत्तर नाही असेल, तर ते खाली न्या किंवा काढा.
4. यादी भरली, पण कन्फर्म केली नाही, असे दरवर्षी होते. कन्फर्म झाल्याची प्रिंट काढून ठेवा.
5. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. त्या संध्याकाळी सर्व्हर मंद असतो, गावात लाइटही जाऊ शकते. मुदतीच्या एक दिवस आधी काम संपवा आणि पुढच्या फेरीच्या तारखा लिहून ठेवा.